येत होतं, पण दाबलं नाही

दुपारचे साडेतीन वाजलेत. रानात गेलेल्या बायका बांधावर टेकल्या असतील, घरातल्यांची भांडी आवरून झाली असतील. ज्यांचा रेडिओ खरखरतोय त्यांनी एरियल जरा खिडकीकडं फिरवून घ्या, कारण आज थोडं लांबण लावून बोलायचंय.

गेल्या आठवड्यात आपल्या स्टेशनवर एक फोन आला. शेजारच्या गावच्या एक वहिनी होत्या. म्हणाल्या, "आमच्या पोरीचं नाव शाळेनं टीव्हीच्या प्रश्नमंजूषेला दिलंय. घरात सगळी खूश आहेत, मलाच धाकधूक होतीय. पाठवू का नको, तुम्हीच सांगा." आम्ही त्यांना फोनवर उत्तर दिलं नाही. म्हटलं, वहिनी, शनिवारी रेडिओवर सांगतो. टाळाटाळ केली असं नाही, पण या बाबतीत आमच्याकडून एक चूक झालेली आहे. ती आधी सांगितल्याशिवाय दुसऱ्याला सल्ला द्यायचा आम्हाला अधिकार नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वाहिनीनं शाळकरी मुलांसाठी सामान्य ज्ञानाची स्पर्धा ठेवली होती. आठवी ते दहावी, शाळेमागं तिघांचा संघ. आपल्या भागातल्या एका हायस्कूलचा संघ जिल्ह्याच्या लेखी फेरीतून वर आला. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी नववीत होती. तिच्या आजोबांना डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून रोज संध्याकाळी ती त्यांना पेपर वाचून दाखवायची. पहिल्या पानापासून बाजारभावापर्यंत, निधनवार्तासुद्धा. तिचं सामान्य ज्ञान असं जमलेलं होतं, पुस्तक घेऊन पाठ केलेलं नव्हतं.

शाळेच्या सरांनी आम्हाला विचारलं, तुमच्याकडं माईक आहे, पोरांना माईकसमोर बोलायची सवय कराल का? आम्ही हौसेनं हो म्हटलं. दीड महिना रोज संध्याकाळी स्टेशनच्या खोलीत सराव चालायचा. आम्ही पाचजणी आळीपाळीनं प्रश्न विचारायचो. नद्या, राजधान्या, शोध, खेळाडू, राज्यघटना. कधी चहाबरोबर पारले, कधी कुणाच्या घरची चिवड्याची पुडी. मुलं हात वर करून उत्तरं द्यायची. त्या पोरीची उत्तरं सहसा चुकायची नाहीत. आम्ही एकमेकींत म्हणायचो, हिच्या जिवावर संघ पुढं जाणार.

मुंबईला जायच्या वेळी बाईमाणूस सोबत असेल तरच पाठवीन, असं तिची आई म्हणाली. म्हणून आमच्यातल्या दोघी बरोबर गेल्या. रात्रीची एसटी, पहाटे दादर, तिथून लोकल. सकाळी आठला स्टुडिओत हजर व्हायचं होतं आणि आमच्या संघाचा नंबर लागला दुपारी चारला. आत एसी इतका की पोरं काकडली, आम्ही आमच्या शाली त्यांना दिल्या. एका मुलाचा बारीक चौकड्यांचा शर्ट बदलायला लावला, कॅमेऱ्यात चौकडा लहरतो म्हणे. सगळ्यांच्या तोंडाला पावडर. समोर तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर एक लाल बटण. त्याला बझर म्हणतात. प्रश्न ऐकायचा, येत असेल तर बटण दाबायचं, ज्याचा दिवा आधी लागेल त्यानं बोलायचं. बरोबर आलं तर 10 गुण, चुकलं तर 5 वजा.

आम्ही प्रेक्षकांत बसलो होतो, त्यामुळं तिचा चेहरा आम्हाला सरळ दिसत होता. प्रश्न झाला की तिचे ओठ हलायचे, पण हात मांडीवरच. एकदा विचारलं, ॲनिमोमीटर या यंत्रानं काय मोजतात? आता आपल्या डोंगरावर ओळीनं पवनचक्क्या उभ्या आहेत. ही पोरगी त्यांच्याखालून रोज शाळेला जाते, वाऱ्याचा वेग मोजायचं ते वाट्यावाट्यांचं यंत्र तिनं आम्हाला एकदा बोटानं दाखवलं होतं. तिचे ओठ हलले. बटण कुणीच दाबलं नाही. निवेदकानं उत्तर सांगितलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

आम्ही 15 गुणांनी हरलो.

परतीच्या एसटीत पुण्याच्या पुढं आल्यावर ती बोलली. पाच प्रश्न सांगितले तिनं, पाचही तिला येत होते. त्यातले तीन तर कुणीच घेतले नव्हते. आमच्यातली एक म्हणाली, "अगं मग दाबलं का नाहीस?" तर म्हणाली, "मावशी, येत होतं. पण चुकलं असतं तर अख्ख्या गावानं बघितलं असतं."

महिन्याभरानं कार्यक्रम टीव्हीवर लागला. समाजमंदिरात मोठा टीव्ही लावला, पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळी जमली. टीव्हीवर दाखवताना मधलं पुष्कळ कापून टाकतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. दीड तासाचं चित्रीकरण अर्ध्या तासात आणलेलं. त्यात राहिलं काय, तर दोघं मुलं बटण दाबताहेत आणि मधे बसलेली पोरगी गप्प. मागनं कुणीतरी म्हणालं, "ही कशाला नेली होती?" लोक हसले. तिचे वडील उठून बाहेर गेले. घरी गेल्यावर म्हणाले म्हणे, एवढं मुंबईला जाऊन तोंड शिवून बसायचं होतं तर शाळा तरी कशाला पाहिजे, दहावी झाली की बास.

दुसऱ्या दिवसापासून ती स्टेशनवर यायची बंद झाली.

आता आमची चूक. सरावाच्या संध्याकाळी आम्ही सगळं रेकॉर्ड करून ठेवायचो. रेडिओवाल्यांची ती खोडच असते. पुढं एका कार्यक्रमासाठी त्यातला तुकडा शोधताना आम्ही ते सगळं परत ऐकलं. मुलगा चुकला की आम्ही काय म्हणतोय? "अरे रे, थोडक्यात हुकलं! हरकत नाही, पुढचा घे." आणि त्या पोरीचं एखादं चुकलं की? "नीट विचार करून बोल बाई. नक्की माहीत असेल तरच हात वर कर." एकदा नाही, सतरा वेळा. पाचही जणींचे आवाज त्यात आहेत. आमच्यातली जी सगळ्यात जास्त मुलींच्या शिक्षणावर बोलते, तिचा तर सर्वांत जास्त. दीड महिना रोज आम्ही तिला गप्प बसायचाच सराव दिला होता, आणि मुंबईत तिनं तो अगदी चोख करून दाखवला.

ते ऐकल्यावर दोन दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. मग ठरवलं, हा प्रश्नमंजूषेचा प्रकार नेमका असतो काय, हे तरी समजून घेऊ.

तर पहिली गंमत अशी की आपल्या देशात शाळकरी मुलांची मोठी प्रश्नमंजूषा आधी आपल्या रेडिओवरच गाजली. 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' 1972 मध्ये सुरू झाली. हमीद सयानी प्रश्न विचारायचे. 1975 मध्ये ते गेले आणि त्यांचे धाकटे भाऊ अमीन सयानी यांनी ती पुढं चालवली. हो, तेच 'बिनाका गीतमाला'वाले. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या ताईंना ती आठवते. घरात इंग्रजी कुणालाच कळत नसे, पण घंटा वाजायची ती ऐकायला बरी वाटायची, म्हणतात. 1985 मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' आला, तो कॉलेजच्या मुलांचा. बोर्नव्हिटाची स्पर्धा 1992 मध्ये टीव्हीवर गेली आणि डेरेक ओब्रायन तिचे निवेदक झाले. आता ते खासदार म्हणून माहीत आहेत. हे सगळं इंग्रजीतून, शहरातल्या शाळांसाठी. आपल्याकडची पोरं नुसती बघणारी.

रेडिओवर आणि टीव्हीवर एक मोठा फरक आहे. रेडिओवर जो बोलत नाही तो दिसतच नाही. टीव्हीवर गप्प बसलेलं पोरसुद्धा सगळ्यांना दिसतं. चौदा-पंधराचं वय म्हणजे आधीच आरशासमोरून हलवत नाही, तोंडावर एक पुटकुळी आली तरी शाळा बुडवायची तयारी. त्या वयात कॅमेरा तोंडावर रोखला की काय होत असेल, याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

आमच्यातल्या एकीची नणंद अमेरिकेत असते, न्यू जर्सीला. तिनं आम्हाला तिथल्या 'जेपर्डी' नावाच्या कार्यक्रमाचं सांगितलं. संध्याकाळी जेवायच्या वेळेला तो घरोघरी लागतो, आपल्याकडं मालिका लागतात तसा. त्यात उलटा प्रकार आहे. निवेदक उत्तर सांगतो आणि खेळणाऱ्यानं त्याचा प्रश्न करायचा. या उलटेपणामागची गोष्ट ऐका, बायकांनी ऐकण्यासारखी आहे.

1950 च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवर पैशांच्या प्रश्नमंजूषा फार जोरात होत्या. मग उघडकीला आलं की कार्यक्रम रंगावा म्हणून काही जणांना आधीच उत्तरं पढवलेली असायची. त्यात लहान मुलंही सुटली नाहीत. पॅटी ड्यूक नावाची बालकलाकार, वय बारा वर्षं. तिलाही असंच पढवून बसवलं होतं, आणि चौकशीत तिनं ते रडत रडत कबूल केलं. पुढं याच पॅटीनं सिनेमात हेलन केलरचं काम करून ऑस्कर मिळवलं. पण बारा वर्षांच्या पोरीला खोटं वागायला मोठ्या माणसांनी लावलं आणि हुंदके तिला द्यावे लागले, हे आमच्या मनातून जात नाही.

तर या लफड्यामुळं लोकांचा प्रश्नमंजूषेवरचा विश्वास उडाला. मर्व्ह ग्रिफिन नावाचे निर्माते नवा खेळ शोधत होते. विमानात त्यांची बायको ज्युलन म्हणाली, उत्तरंच देऊन टाका ना आधी, आणि प्रश्न त्यांना विचारू दे. नवऱ्याला कळेना. मग ती म्हणाली, "5280." तो म्हणाला, "एका मैलात किती फूट?" झालं, खेळ सापडला. 1964 मध्ये तो टीव्हीवर आला आणि अजून चालू आहे. बाई सहज बोलून गेली आणि एवढा कारभार उभा राहिला. आपल्या घरातही पुष्कळ गोष्टी अशाच सुरू होतात, फक्त त्या कुणी लिहून ठेवत नाही.

याच कार्यक्रमात 1987 पासून तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांची वेगळी स्पर्धा व्हायला लागली. तिची रचना आम्हाला फार आवडली. पंधरा मुलं असायची. पहिल्या फेरीत तिघा-तिघांचे पाच सामने. पाच जिंकणारे पुढं जायचे, हे झालंच. पण हरलेल्या दहा जणांतल्या ज्या चौघांचे गुण जास्त, तेही पुढं जायचे. असे नऊ जण उपांत्य फेरीत. आणि ज्यांचा सामना अजून व्हायचा असे त्यांना आधीचे सामने बघूच देत नसत, म्हणजे किती गुणांवर भागेल याचा अंदाज कुणाला येऊ नये. पोरगं हरलं तरी त्यानं मिळवलेले गुण मोजायचे, याचं आम्हाला अप्रूप वाटलं. आमच्या स्पर्धेत हरलं की शाली गोळा करा आणि एसटी धरा.

आणि त्यांच्या बटणाचं ऐका. निवेदक प्रश्न पूर्ण वाचेपर्यंत बटण चालूच होत नाही. वाचून संपलं की बाजूला बसलेला माणूस ते चालू करतो आणि फळ्याच्या कडेचे दिवे लागतात. त्याआधी कुणी घाईनं दाबलं तर त्याचं बटण पाव सेकंद बंद पडतं. पाव सेकंद म्हणजे काय, डोळा मिटला-उघडला. पण तेवढ्यात दुसरा घेऊन जातो. म्हणजे नुसतं ज्ञान असून भागत नाही आणि नुसती घाई करूनही भागत नाही. बरोबर वेळेला, जरा शंका असली तरी, बोट खाली जावं लागतं. चुकलं तर गुण कापतातच. खेळणाऱ्या प्रत्येकाचे गुण कधी ना कधी कापले जातात, जिंकणाऱ्याचेसुद्धा. हे आम्हाला नवीन होतं. आमची समजूत अशी की हुशार पोर म्हणजे न चुकणारं पोर.

आपल्याकडचं 'कौन बनेगा करोडपती' तुम्ही बघता, त्यात बटणाची मारामारी फक्त सुरुवातीला असते. एकदा खुर्चीत बसलं की विचार करायला सवड मिळते, मदत मागता येते, आणि नको वाटलं तर जिंकलेले पैसे घेऊन उठताही येतं. 2001 मध्ये त्याची मुलांसाठी आवृत्ती झाली. त्यात रवी मोहन सैनी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलानं पंधराच्या पंधरा प्रश्नांची उत्तरं देऊन एक कोटी जिंकले. पुढं तो डॉक्टर झाला आणि नंतर पोलीस अधिकारी, गुजरातमध्ये. आणि 2019 मध्ये आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या, अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या, ते तर तुम्हाला पाठ आहे. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना 1500 रुपये. त्या दिवशी आमच्या गावच्या पोषण आहाराच्या मावशींनी शाळेत पेढे वाटले होते.

हे सगळं ऐकून आमच्यातली एक मात्र चिडली. तिचं म्हणणं, हे सामान्य ज्ञान सामान्य कुणाचं? कुठल्या मोटारीचं चिन्ह काय, कुठल्या देशाची राजधानी कुठली, हे आलं की हुशार. आमच्या धनगरवाड्यावरच्या पोराला माडग्याळ मेंढी नुसत्या नाकावरून ओळखता येते, खिल्लारचं खोंड दातावरून किती वर्षांचं ते सांगता येतं, त्याला कोण बटण देतं? यावर आमचं खूप भांडण झालं. तिचं खरं आहे. पण दुसरी म्हणाली, राजधान्या आपल्या पोरांना येऊ नयेत असं थोडंच आहे, दोन्ही यावं. भांडण काही मिटलं नाही. एवढं झालं की तेव्हापासून आपल्या सरावात दर पाचव्या प्रश्नाला आपल्या मातीतला प्रश्न असतो, आणि तो बऱ्याचदा गुरुजींनाच येत नाही.

हो, सराव परत सुरू केला. आयटीआयला जाणाऱ्या एका मुलानं दाराच्या बेलची बटणं आणि बल्ब जोडून तीन बझर करून दिले. एकानं दाबलं की बाकीच्या दोघांचे बंद होतात. किती खर्च आला विचारलं तर म्हणाला, आधी चहा पाजा. नियम आम्ही आमचे केले. पहिला महिना चुकल्याचे गुण कापायचे नाहीत. प्रत्येकानं एका फेरीत निदान तीनदा दाबायचंच, येवो न येवो. चुकलं तर आपण काय समजून बोललो तेवढं सांगायचं. आणि आमच्यासाठीही नियम, तो भिंतीवर लिहून ठेवलाय: 'नीट विचार करून बोल' हे वाक्य या खोलीत बोलायचं नाही. जी बोलेल तिनं दहा रुपये डब्यात टाकायचे. पहिल्या दोन महिन्यांत डब्यात 240 रुपये जमले. सवयी अशा सुटत नाहीत.

मुलग्यांचं उलट निघालं. त्यांची बोटं प्रश्न संपायच्या आत पडायची. "महाराष्ट्राची..." एवढं म्हटलं की बटण, "मुंबई!" आणि प्रश्न असायचा महाराष्ट्राची उपराजधानी कोणती. त्यांच्यासाठी मग आम्ही अमेरिकेतला नियम आणला, प्रश्न संपायच्या आत दाबलं तर ती पाळी गेली. एक मुलगा तर आठवडाभर रुसला होता.

त्या पोरीला परत आणायचं काम मात्र आम्हाला जमलं नाही. दोनदा घरी गेलो. आई चहा करायची, वडील ओसरीवर बसून राहायचे, ती आतून बाहेरच यायची नाही. ते काम तिच्या आजोबांनी केलं. कसं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. समाजमंदिरात टीव्ही लागला तेव्हा आजोबाही येऊन बसले होते. त्यांना दिसत नाही, त्यामुळं नात गप्प बसलीय हे त्यांना दिसलंच नाही. त्यांना फक्त प्रश्न ऐकू येत होते. प्रत्येक प्रश्नाला ते शेजारच्या माणसाला म्हणत होते, "हे आमच्या बाळीला येतंय. परवाच वाचलंय आम्ही." शेजारचा हसत होता. म्हाताऱ्याला वाटत होतं, कौतुकानं हसतोय.

त्यांना खरं काय झालं ते कळलं चार दिवसांनी. मग रोज संध्याकाळी पेपर वाचून झाला की ते तिला विचारायला लागले. आणि काय केलं, तिनं उत्तर दिलं की ते मुद्दाम म्हणायचे, "चूक." ती म्हणायची, "नाही आबा, बरोबर आहे, आताच वाचलं मी." "मग भांड माझ्याशी." असं वर्षभर. दहावी पास झाल्यावर अकरावीच्या फॉर्मवर वडिलांची सही हवी होती, तेव्हा ती त्यांच्याशीही भांडली. पुस्तक पुढं ठेवून, शांतपणे, पण भांडली. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सही करून म्हणाले, एसटीचा पास काढायला फोटो लागतील, काढून आण. आजोबांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा आमच्या माईकचं बटण चालू होतं. ते रेकॉर्डिंग आम्ही जपून ठेवलंय, पण त्यांना विचारल्याशिवाय ऐकवणार नाही.

आता फोन करणाऱ्या वहिनी, तुमचं.

पाठवा. पण शाळेत जाऊन आधी थोडं विचारून घ्या. बरोबर कोण जाणार, बाईमाणूस आहे का, मुक्काम कुठं. जायचा-यायचा आणि जेवणाचा खर्च वाहिनी करते की शाळा की तुम्ही. घटक चाचणी त्याच आठवड्यात आहे का. पालकांची सही घेतात तो कागद सरांकडून मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका. त्यात बहुतेक लिहिलेलं असतं की चित्रीकरण त्यांना हवं तसं कापता येईल आणि परत परत दाखवता येईल. हल्ली ते मोबाइलवरही राहतं, वर्षानुवर्षं. पोरीलाही हे आधी सांगा, की दीड तासाचं अर्धा तास होतं आणि त्यात आपण कसे दिसू ते आपल्या हातात नाही. ज्या दिवशी कार्यक्रम लागेल त्या दिवशी समाजमंदिरात टीव्ही लावायचा का घरीच बघायचा, हे तिला विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

गरम काहीतरी अंगावर घ्यायला द्या, एसी फार असतो. चौकड्याचा ड्रेस देऊ नका. आणि निघायच्या आधीचे पंधरा दिवस रोज रात्री भाकरी थापता थापता तिला दहा प्रश्न विचारा. तुम्हाला उत्तरं येत नसली तरी चालतील, पुस्तकात बघून विचारा. ताट आणि चमचा द्या हातात, आली की वाजव म्हणावं. चुकलं तर सासूबाई हसतील, धाकटा चिडवील, तेव्हा काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. आमच्या डब्यात दहा-दहा रुपये अजून पडताहेत, आम्ही कुठल्या तोंडानं सांगणार?

तुमची मुलगी शनिवारी सरावाला आली तर आम्हाला आनंद होईल. साडेचार ते सहा, स्टेशनच्या मागच्या खोलीत. प्रश्न विचारायला आता आम्ही नसतो. एसटीतली ती पोरगी आता बारावीला आहे, कॉलेजवरून परस्पर येते, प्रश्न तीच काढते आणि तीच विचारते. मागच्या शनिवारी सातवीतल्या एका चिमुरडीनं प्रश्न अर्धा असताना बटण दाबलं आणि ठणकावून चुकीचं उत्तर दिलं. हिनं नियमाप्रमाणं तिची पाळी काढून घेतली. आणि मग विचारलं, "तुला काय वाटलं होतं, ते सांग." चिमुरडी पाच मिनिटं सांगत होती. सहा वाजले तरी सराव संपला नव्हता.

जाता जाता तिनंच काढलेला या आठवड्याचा प्रश्न. रब्बीची आपली मालदांडी ज्वारी. बियाण्याच्या पिशवीवर 'मालदांडी' या नावापुढं जे आकडे छापलेले असतात, ते कोणते? पिशवी बघून सांगितलं तरी चालेल. फोन सहापर्यंत चालू आहे. नमस्कार.